चारशे तेरा भोपळे

शुक्रवारी सकाळी नऊ वाजून सात मिनिटांनी मावशींनी अकरावा मासा गळाला लावला, वर ओढला, दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि परत पाण्यात सोडला. मासा शेपूट पुढे करून पोहत निघून गेला. मावशींनी कंट्रोलर मांडीवर ठेवला, लांबट वहीत 'मासा क्र. ११, सोडल्यावर उलटा पोहतो' असं लिहिलं आणि पडद्यावरच्या तलवारवाल्या वीराला होडीतून धक्क्यावर उतरवलं. वीराने पाठीवरच्या पोत्यातून एक लाल भोपळा काढला आणि धक्क्याच्या कडेला ठेवला. मग मावशी बाराव्या माशाकडे वळल्या.

मावशींचं वय चोपन्न. त्या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तपासनीस आहेत. कचेरी टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. तीन खोल्या, सात माणसं आणि एकच खिडकी, तीही स्वयंपाकघरात. खाली हवा भरायचा पंप सुरू झाला की मावशींच्या टेबलावरचा पाण्याचा पेला थरथरतो, म्हणून त्या तो उशीवर ठेवतात. 

कंपनी सहा वर्षं एकच गेम बनवते आहे. त्यात चार शहरं, दोन नद्या आणि एक डोंगर असलेलं राज्य आहे आणि खेळणाऱ्याने त्यात हवं तिथे फिरावं. राजा मेला आहे, त्याची मुलगी परागंदा झाली आहे, तिला शोधून गादीवर बसवायचं. ही झाली मुख्य कथा. ती संपवायला सतरा तास लागतात. याशिवाय राज्यात पुष्कळ रिकामपणचे उद्योग आहेत. अडतीस जातींचे मासे पकडता येतात. खानावळीत सुताराशी पंजा लढवता येतो. कुंभाराच्या चाकावर मडकी घडवता येतात, एका म्हातारीच्या कोंबड्या मोजून देता येतात, आणि भोपळ्यांची ढकलगाडी उतारावरून न सांडता नेण्याची शर्यत लावता येते. हे सगळं केलं तर केलं, नाही केलं तर गादीचं काही अडत नाही. कचेरीत याला 'साइडची कामं' म्हणतात. गेमची नवी आवृत्ती रोज सकाळी तयार होते आणि साइडची सगळी कामं मावशी रोज नव्याने करून पाहतात.

याआधी मावशींनी एकोणतीस वर्षं कापडाच्या गिरणीत काढली. तयार कापडाचा तागा उजेडाच्या टेबलावरून सरकत जायचा आणि मावशी त्यातला तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग हेरायच्या. दोष दिसला की त्या ओळीत ताग्याच्या काठाला लाल दोऱ्याचा तुकडा बांधायचा, म्हणजे पुढच्या माणसाला शोधत बसायला नको. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी एका दुकानात बिलं फाडली आणि एका वाचनालयात पुस्तकं लावली. दोन्हीकडे त्यांना त्याच कारणावरून नारळ मिळाला. दुकानात त्या गिऱ्हाइकाला त्याने घेतलेल्या शर्टातले दोष दाखवायच्या, वाचनालयात वाचकाला त्याने नेलेल्या पुस्तकातले.

गेमच्या कचेरीत पहिल्या दिवशी त्यांनी गिरणीतलं धागे मोजायचं भिंग पडद्याला लावलं आणि अर्ध्या तासात पहिला अहवाल दिला की सबंध पडद्यावर लाल, हिरवे, निळे ठिपके आहेत, तागा बाद. सगळेच पडदे असे असतात हे त्यांना समजावून सांगायला प्रोग्रॅमर बाईंना चहाचे दोन कप लागले. या प्रोग्रॅमर बाईंचे यजमान त्याच कचेरीत चित्रकार आहेत. सगळे आधी त्यांचे मित्र होते, त्यामुळे बाईंना सगळी कचेरी 'वहिनी' म्हणते.

भोपळ्यांची पद्धत दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. दोष सापडला की तो कुठे आहे ते सात आकडी खुणेने लिहायचा नियम होता. मावशींना तो उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार वाटला. दोष जिथे, खूण तिथेच हवी. राज्यात लाल दोरा मिळत नव्हता. पण भोपळा लाल होता, दुरून दिसत होता आणि ढकलगाडीची शर्यत जिंकली की बक्षीस म्हणून एक मिळत होता. शर्यत तर रोजच तपासायची असायची. शिवाय भोपळा पाठीवर घेतला की वीराला पळता येत नाही, त्यामुळे तो उचलून नेण्याचा मोह कुणाला होणार नाही हाही त्यांनी विचार केला होता. आणि या राज्यात ठेवलेली वस्तू जिथे ठेवली तिथेच राहते, वर्षानुवर्षं. मालकांचा हा खास अभिमानाचा मुद्दा होता. हे त्यांनी एका मुलाखतीतही सांगितलं आहे.

मग अहवाल असे यायला लागले. 'भोपळा क्र. ४०. बदक पाण्यावर न पोहता तळाशी चालतं.' 'भोपळा क्र. ७३. बाजारातली फुलवाली पाठीने बोलते.' 'भोपळा क्र. ११२. नावाड्याची मिशी ओठापासून वीतभर पुढे हवेत आहे.' वहिनी मावशींचा सेव्ह उघडायच्या, म्हणजे मावशी जिथवर खेळल्या असतील तिथून पुढे, आणि भोपळा दिसला की तिथे जाऊन दोष काढायच्या. दुरुस्ती झाली की मावशी भोपळा उचलून दुसरीकडे वापरायच्या. सहा महिन्यांत सहाशे अकरा दोष निघाले आणि एकशे अठ्ठ्याण्णव दुरुस्त झाले. राज्यात उरले चारशे तेरा भोपळे.

हे मालकांना माहीत नव्हतं. मालकांना सगळे 'दादा' म्हणतात. वय तेहतीस. मुख्य कथा त्यांनी एकट्याने लिहिली आहे. तिचा शेवट त्यांनी कचेरीत दोनदा वाचून दाखवला आणि दोन्ही वेळा स्वतःच बाहेर जाऊन तोंड धुऊन आले. साइडची कामं त्यांना आवडत नाहीत. हल्ली लोक मागतात म्हणून ठेवायची, लग्नातल्या रुसणाऱ्या आत्यासारखी, असं त्यांचं म्हणणं. ती कामं राज्यात जिथे आहेत तिकडे ते कधी फिरकतच नाहीत.

दोन आठवड्यांपूर्वी दादांनी मावशींना आत बोलावलं होतं. सहा महिन्यांची तात्पुरती नेमणूक या शुक्रवारी संपत होती. कायम तपासनीस एकच ठेवता येणार होता आणि त्याने कथाही तपासायला हवी होती. मावशींच्या कामाबद्दल त्यांची तक्रार नव्हती, पण सहा महिन्यांत या बाईंनी कथेचं एकही प्रकरण पाहिलं नव्हतं. राजाच्या मुलीचं नावसुद्धा त्यांना सांगता आलं नाही. मावशींनी सांगून पाहिलं की त्यांना साइडच्या कामांसाठी घेतलंय आणि जो तागा आपल्याकडे दिलेला नाही त्याला हात लावायचा नसतो. दादांनी मान हलवली आणि शुक्रवारी संध्याकाळी काय ते सांगतो म्हणाले. त्या दिवशी गेम बाजारात आणणाऱ्या मोठ्या कंपनीच्या बाई येणार होत्या. त्या हो म्हणाल्या तरच कचेरी पुढे चालणार होती, आणि मग मावशींचं बघायचं.

मावशींना ही नोकरी हवी होती. दोष दाखवल्याबद्दल जिथे हाकलत नाहीत अशी ही त्यांना भेटलेली दुसरीच जागा होती, आणि पहिलीला कुलूप लागलं होतं.

वहिनींनी सल्ला दिला की निदान पहिलं प्रकरण तरी बघून ठेवा, विचारलं तर दोन वाक्यं बोलता येतील. म्हणून बुधवारी आणि गुरुवारी काम संपल्यावर मावशी तास-तासभर बसल्या. पहिल्या प्रकरणात राजाचा देह दरबारात ठेवलेला असतो आणि प्रजा दर्शनाला येते. दादांनी यासाठी बारा वाद्यांचं संगीत करून घेतलं आहे. मावशींनी ते ऐकलं की नाही ते माहीत नाही. दोन संध्याकाळी मिळून त्यांनी एकोणतीस दोष काढले. शेवटच्या अहवालात एकच ओळ होती, 'मेलेला राजा श्वास घेतो.' गेममधली सगळी माणसं आपोआपच श्वास घेतात. राजा मेल्यावर त्याचा श्वास बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मावशींनी राजाच्या पायाशी भोपळा ठेवला, दिवा मालवला आणि घरी गेल्या.

शुक्रवारी दहा वाजता वहिनींनी पाहुण्यांसाठी सेव्ह तयार केला. दादांचा बेत असा होता की आधी दहा मिनिटं साइडची कामं दाखवायची, मग राजवाड्यात जायचं आणि पहिलं प्रकरण शांतपणे पाहू द्यायचं. साइडची सगळी कामं उघडलेला सेव्ह कचेरीत एकच होता, मावशींचा. वहिनींनी तो उचलून पाहुण्यांच्या यंत्रात टाकला. भोपळ्यांचं काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही. सहा महिने रोज पाहून त्यांना ते दिसेनासे झाले होते.

पाहुण्या बाई अकराला आल्या. पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. आजवर त्यांनी शेकडो गेम पाहिले असतील. स्वतःचा कंट्रोलर त्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. बूट काढून खुर्चीत मांडी घातली आणि दादांचं प्रास्ताविक चालू असतानाच खेळायला सुरुवात केली. रस्ता सरळ होता. डावीकडे एक गोठा होता आणि गोठ्याच्या छपरावर भोपळा.

"तो तिथे का आहे?" त्यांनी विचारलं.

सजावट आहे, असं दादांनी सांगितलं. ते स्वतःच भोपळ्याकडे पाहत होते. बाई छपरावर चढल्या आणि वीर कौलांत गुडघ्यापर्यंत रुतला. त्याने पाय उचलला तर आवाज चिखलात चालल्यासारखा आला. बाईंनी चार पावलं टाकून पाहिली, पुन्हा चार टाकली, मग मान वळवली. छपरावरून पुढचा भोपळा दिसत होता, विहिरीच्या काठावर. त्या तिकडे गेल्या. विहिरीत डोकावल्यावर खाली आकाश दिसत होतं आणि त्यातून एक बकरी तरंगत गेली.

दादा म्हणाले, राजवाडा उजवीकडे आहे. बाई डावीकडे गेल्या. तिथे घोडा शेपटीवर उभा होता. दादा पुन्हा म्हणाले, राजवाडा उजवीकडे आहे. बाईंनी फुलवालीच्या पाठीशी गप्पा मारल्या, नावाड्याची मिशी चारही बाजूंनी पाहिली, तळाशी चालणाऱ्या बदकाच्या मागे नदीच्या पात्रातून पलीकडच्या काठापर्यंत गेल्या. दादांनी तिसऱ्यांदा राजवाड्याचं नाव काढलं तेव्हा त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "राजवाडा कुठे पळून चाललाय का?"

दाराशी उभ्या असलेल्या वहिनींच्या एव्हाना सगळं लक्षात आलं होतं. त्या पलीकडच्या खोलीत गेल्या. मावशी सुताराशी पंजा लढवत होत्या. वहिनींनी त्यांच्या कानात सांगितलं की पाहुण्या एकेक करून आपले दोष पाहत फिरताहेत, आणि तेही क्रमाने. मावशींनी विचारलं, क्रमाने म्हणजे वहीतल्या क्रमाने की वाटेतल्या? वहिनी म्हणाल्या, वाटेतल्या. मग मावशी म्हणाल्या की डोंगराकडून गेल्या तर बरं, तिकडचे चांगले आहेत.

दुपारी दोनपर्यंत बाईंचे सेहेचाळीस भोपळे झाले होते. जेवणाचे डबे कुणी उघडले नव्हते. दादांचा चेहरा पिठासारखा झाला होता. सहा वर्षं घासूनपुसून सजवलेल्या घरात पाहुणा यावा आणि त्याने नेमकी अडगळीचीच खोली उघडावी, आणि तिथून निघायचं नावच काढू नये, तसं त्यांचं झालं होतं. तेवढ्यात बाई एका बुरुजावर चढल्या आणि तिथून त्यांना राजवाड्याच्या उघड्या दारातून आत, दूरवर काहीतरी लाल दिसलं. त्या आपण होऊन उजवीकडे वळल्या. दादांनी सकाळपासून पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकवली.

दरबारात बारा वाद्यांचं संगीत सुरू झालं. प्रजा रडत होती. मधोमध राजाचा देह, फुलं, मशाली, आणि राजाच्या पायाशी भोपळा. दादा अर्धवट उठले आणि तसेच राहिले. बाई राजाजवळ गेल्या, वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"हा श्वास घेतोय," त्या म्हणाल्या.

"कोण?" दादांनी विचारलं.

"राजा."

संगीत चालूच होतं. बाईंनी कंट्रोलर खाली ठेवला, वही काढली आणि लिहिता लिहिता त्या सकाळपासून बोलल्या नव्हत्या एवढं बोलल्या. सगळं राज्य रडतंय, राजा जिवंत आहे, आणि हे कळतं फक्त भोपळ्यांच्या मागे फिरणाऱ्या रिकामटेकड्या माणसाला. मुख्य रस्त्याने जाणाऱ्याला शेवटपर्यंत पत्ता नाही. इतका धीट विचार आपण बऱ्याच वर्षांत पाहिला नाही असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली. "हे सुचलं कुणाला?"

खोलीत दादा होते, वहिनी होत्या, चित्रकार होते. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मावशी पाण्याचा पेला भरून परत चालल्या होत्या.

"आमच्या मावशींना," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात विनवणी होती. मावशींनी नुसती मान डोलावली असती तरी कचेरी वाचत होती आणि त्यांची नोकरीही. एवढं न कळण्याइतक्या मावशी भोळ्या नाहीत. त्यांनी पेला टेबलावर ठेवला.

"सुचलेलं नाही ते, सापडलेलं आहे," त्या म्हणाल्या. "ते दोष आहेत. जिथे दोष आहे तिथे मी भोपळा ठेवते."

"सगळे?"

"चारशे तेरा आहेत. तुम्ही सत्तेचाळीस पाहिलेत."

खाली पंप सुरू झाला. टेबलावरचा पेला थरथरायला लागला, तो वहिनींनी हातात धरला. दादांनी डोळे मिटून घेतले होते. बाईंनी मावशींची वही मागितली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतली. वाचायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. दोनदा त्या हसल्या. एकदा म्हातारीच्या कोंबड्यांपाशी, कारण त्या मोजल्या की एकने वाढतात आणि मावशींनी खात्री करण्यासाठी त्या दोनशे तीनपर्यंत वाढवल्या होत्या. दुसऱ्यांदा कुठे हसल्या ते त्यांनी सांगितलं नाही.

वही मिटून त्यांनी निर्णय सांगितला. गेम त्या घेणार होत्या, पण भोपळ्यांसकट. आणि भोपळ्यांखालचे दोषही जसेच्या तसे राहिले पाहिजेत. कथा लोक खेळतील किंवा न खेळतील, भोपळे मात्र शोधत बसतील. हेच या गेमचं साइडचं सगळ्यात मोठं काम. दुरुस्त्या बंद करा, असं त्या म्हणाल्या. चारशे तेरा दुरुस्त्या डोक्यावर असलेल्या वहिनी हे ऐकून जमिनीवरच बसल्या.

"सगळे नाही ठेवता यायचे," मावशी म्हणाल्या.

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. चालत्या गाडीला खीळ घालणाऱ्याकडे माणूस पाहतो तसंच ते पाहणं होतं. पण मावशींनी गिरणीतला नियम सांगायला घेतलाच. ताग्यात दोष कुठे आहे याला महत्त्व असतं. काठावर असला तर चालतो, शिवताना तो भाग आत दुमडला जातो, कुणाचं काही अडत नाही. तोच दोष मधोमध असला तर तागा बाद. या चारशे तेरांतले तीनशे चौऱ्याऐंशी काठावरचे आहेत. मासे, कोंबड्या, मिशी, बदक, सगळे. ते खुशाल ठेवा. उरलेले एकोणतीस कथेतले आहेत.

"म्हणजे राजा?" बाईंनी विचारलं.

"राजा मधोमध आहे."

बाईंनी वाद घातला. राजाच तर सगळ्यात उत्तम होता. बाकीचे भोपळे त्याच्यापर्यंत पोचायला केलेली पायवाट वाटत होते. मावशी म्हणाल्या, वाटत असतील, पण मी त्यातला एकही तसा ठेवलेला नाही. बाई म्हणाल्या, गेम विकणं हे माझं काम आहे. मावशी म्हणाल्या की गिरणीत मालकांच्या मेव्हण्याने लग्नाच्या कपड्यांसाठी निवडून ठेवलेला तागा त्यांनी बाद केला होता, तेव्हा मालकही विकण्याबद्दलच बोलत होते. आणि पुढे म्हणाल्या, "इथे एवढी माणसं रडताहेत आणि हा श्वास घेतोय. असा तागा माझ्या टेबलावरून पुढे गेलेला नाही."

बाई दादांकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे?"

दादांनी सहा वर्षांत या दरबाराची बावीस कच्ची रूपं लिहून फाडली होती. आता करार समोर होता आणि एका शब्दाने तो सुटू शकला असता. ते अगदी हळू म्हणाले, "राजा मेलेलाच हवा."

बाईंनी घड्याळ पाहिलं. सहाचं विमान होतं. त्या बूट घालायला वाकल्या. "ठीक आहे," त्या खालूनच म्हणाल्या. "मारा त्याला. बाकीचे मला मोजून द्या."

त्या गेल्यावर सगळ्यांनी डबे उघडले. चार वाजले होते. चित्रकारांनी दोनदा विचारलं की मिशी खरंच तशीच ठेवायची का. ती त्यांनीच काढली होती आणि पाहुण्यांनी चारही बाजूंनी पाहिल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

साडेपाचला दादांनी मावशींना आत बोलावलं. नेमणुकीचं पत्र टेबलावर होतं, सहीची जागा रिकामी. त्यांनी पुन्हा राजाच्या मुलीचं नाव विचारलं. मावशींना अजूनही सांगता आलं नाही. पहिल्या प्रकरणात तिचं नाव चार वेळा येतं असं दादा म्हणाले. मावशी म्हणाल्या, त्यातल्या तिसऱ्या वेळी बोलणाऱ्याचे ओठ हलत नाहीत, भोपळा क्रमांक चारशे पाच. दादांनी सही केली. पत्रात 'तपासनीस' या शब्दापुढे कंसात 'भोपळे' असं लिहावं ही वहिनींची सूचना त्यांनी फेटाळली, पण फार जोरात नाही.

मावशींचे यजमान लिफ्ट दुरुस्त करतात. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्यांनी सगळा प्रकार शांतपणे ऐकून घेतला आणि आमटी वाढून घेता घेता म्हणाले, "आमच्याकडे लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर तिथे भोपळा ठेवून लोकांना बघायला बोलावत नाहीत." मावशींनी त्यांना काठाचा आणि मधला दोष समजावला. ते म्हणाले, लिफ्टला काठ नसतो. हा वाद त्यांच्या घरी अजून मिटलेला नाही.

शनिवारी कथेतले दोष काढायला घेतले. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी वहिनींनी राजाचा श्वास बंद केला. दादा खुर्चीमागे उभे होते. मावशींनी राजासमोर वीराला उभं केलं आणि हातातलं घड्याळ पाहत पूर्ण पाच मिनिटं थांबल्या. राजा हलला नाही. तेव्हा त्यांनी त्याच्या पायाशी ठेवलेला भोपळा उचलला. दादा तोंड धुवायला बाहेर गेले. सहापर्यंत बाकीचे अठ्ठावीस भोपळेही उचलून झाले आणि काठावरच्यांना एक ते तीनशे चौऱ्याऐंशी असे नवे क्रमांक पडले.

सोमवारपासून मावशींचं काम बदललं. एकोणतीस वर्षं आणि सहा महिने त्या दोष निघून जावा म्हणून लिहीत आल्या. आता दोष जागेवर आहे ना, हे पाहायचं. पहिल्या दिवशी त्यांनी एक ते चौसष्ट तपासले. त्रेसष्ट जागेवर होते. नवीन क्रमांक सत्तावन्नपाशी त्या थबकल्या, नावाड्याकडे समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं आणि अहवाल दिला, 'नावाड्याची मिशी ओठावर आली आहे. कृपया पूर्ववत करावी.' चित्रकारांनी रविवारी घरून हळूच ती चिकटवून टाकली होती. विचारल्यावर ते म्हणाले की आपल्याला रात्री झोप येत नव्हती. वहिनींनी सांगितलं की माझीही घालवली. संध्याकाळपर्यंत चित्रकारांनी मिशी पुन्हा वीतभर पुढे नेली. दोन वेळा, कारण पहिल्या वेळी ती चार बोटंच गेली होती आणि मावशींनी परत पाठवली.

आठवड्याला कामाचे सहा दिवस आणि दिवसाला चौसष्ट दोष, म्हणजे शनिवारी संध्याकाळी तीनशे चौऱ्याऐंशी पुरे होतात आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. उद्या मंगळवार. कचेरी नऊला उघडते. मावशी पासष्ट ते एकशे अठ्ठावीस तपासतील.